बंद मशीन दुरून उठवताना: आर८१६९ ड्रायव्हरच्या वेक-ऑन-लॅनचं परीक्षण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीत टॉवेल-चादरीच्या कारखान्याला लागून जे छोटं ऑफिस असतं, तिथे दोन-तीन डेस्कटॉप ठरलेले: एकावर हिशेब, एकावर जकार्डची डिझाइनं, एकावर जुन्या ऑर्डरींच्या फाइली. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लागतं आणि रात्री जुळे सोलापुरातल्या घरून कुणाला तरी एखादी फाइल लागतेच. म्हणून ते एक मशीन रात्रभर चालू राहतं. रिकामं बसलेलं डेस्कटॉप ५० वॅट ओढतंय असं धरलं तर १४ तासांचे ०.७ युनिट, महिन्याचे २१. शिवाय मे महिन्यात बंद, तापलेल्या खोलीत रात्रभर चालणं पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांना मानवत नाही. वेक-ऑन-लॅन नेमकं यासाठी आहे. मशीन बंद करून जा, लागेल तेव्हा नेटवर्कवरून उठवा.

इथे परीक्षण आहे ते या सोयीच्या एका भागाचं: रिअलटेकच्या लॅन चिपसाठी लिनक्सच्या कर्नलसोबतच (गाभ्यासोबतच) येणारा आर८१६९ ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम. नावात ८१६९ असलं तरी ८१११, ८१६८ आणि २.५ गिगाबिटची ८१२५ या चिपही हाच चालवतो. परवडणाऱ्या मदरबोर्डांवर यांतलीच एखादी चिप सर्रास सापडते. निकाल आधी सांगतो: ड्रायव्हरचं काम चोख आहे, कोड वाचता येण्यासारखा आहे, आणि 'वेक-ऑन-लॅन चालत नाही' या तक्रारीत दोष बहुतेकदा त्याच्या बाहेर, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना बोर्डावरचं जे सॉफ्टवेअर चालतं त्यात), नेटवर्क स्विचमध्ये किंवा विजेच्या बोर्डावर सापडतो. मात्र या भागात कोणी नवा बदल सुचवला तर तो फार बारकाईने वाचायला हवा. इथे एक ओळ चुकली तरी मशीन चालू असताना काहीच कळत नाही. कळतं ते रात्री, जेव्हा ते उठत नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात. मशीन बंद केलं तरी पॉवर सप्लायची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते आणि तिच्यावर लॅन चिप अर्धवट जागी राहते. ती नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) एकच नमुना शोधते: एफएफचे ६ बाइट आणि त्यामागे स्वतःचा ६ बाइटचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची चिपची ओळख) १६ वेळा, म्हणजे एकूण १०२ बाइट. यालाच मॅजिक पॅकेट म्हणतात. एएमडीने त्यावर १९९५ मध्ये माहितीपत्रक काढलं होतं. नमुना जुळला की चिप पीसीआयचा पीएमई हा इशारा देते आणि मदरबोर्ड मशीन चालू करतो. पॅकेट यूडीपीतून पोर्ट ७ किंवा ९ वर पाठवा, नाहीतर हेक्स ०८४२ या इथरटाइपची (फ्रेमचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याची) कच्ची फ्रेम पाठवा, चिपला फरक पडत नाही. ती फक्त ते १०२ बाइट बघते.

ड्रायव्हरचं काम म्हणजे मशीन झोपण्याआधी चिपला हे सगळं नीट सांगून ठेवणं. आर८१६९ मध्ये त्यासाठी एक छोटा तक्ता आहे: कोणता पर्याय कोणत्या रजिस्टरच्या (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याच्या) कोणत्या बिटात जातो. मॅजिक पॅकेट आणि लिंक जोडली गेल्याचा पर्याय कॉन्फिग३ मध्ये. युनिकास्ट, ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट (एकाला, सगळ्यांना किंवा गटाला पाठवलेल्या पॅकेटवर उठणं) आणि लॅनवेकचा बिट कॉन्फिग५ मध्ये. नव्या चिपवर मॅजिकचा बिट वेगळ्या जागी गेला आहे, तर तेवढीच नोंद वेगळी हाताळली आहे. लिहिण्याआधी कॉन्फिग रजिस्टरांचं कुलूप उघडायचं, लिहून झालं की लावायचं. ही मांडणी मला मनापासून आवडते. नवी चिप आली की तक्त्यात किंवा तिच्या शाखेत भर पडते, बाकीच्या कोडला हात लागत नाही, आणि बदल तपासणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते लगेच समजतं.

या भागातला सर्वांत शिकण्यासारखा बदल २०१८ चा. तोवर ड्रायव्हर बायोसने चिपमध्ये जे वेक-ऑन-लॅन लिहून ठेवलं असेल ते तसंच मान्य करायचा, पण कर्नलच्या दृष्टीने ते उपकरण 'उठवू शकणारं' म्हणून नोंदलेलं नसायचं. म्हणजे चिप म्हणते हो, कर्नल म्हणतो नाही. ही विसंगती काढण्यासाठी वेक-ऑन-लॅन मुळात बंद ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने स्वतः चालू करायचं, असा बदल आला. कागदावर अगदी बरोबर. पण काही मशीनच्या बायोसमध्ये असा दोष निघाला की चिपमधला मॅजिकचा बिट लागलेला नसेल तर मशीन सस्पेंडमधून (तात्पुरत्या झोपेतून) नीट परतच येईना. वेक-ऑन-लॅनशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांची मशीनं अडकली. शेवटी कर्नलच्या ४.१६ आवृत्तीत जसं वागणं होतं तसं परत आणावं लागलं. तो मूळ बदल वाचून चूक दाखवता आली नसती, कारण चूक कोडमध्ये नव्हतीच. म्हणून या भागातला 'फक्त डिफॉल्ट बदलतोय' असा पॅच (सुचवलेला बदल) दिसला की तो सर्वांत धोक्याचा धरावा आणि निरनिराळ्या बोर्डांवर सस्पेंड करून, परत उठवून बघितल्याशिवाय पुढे सरकवू नये.

नवा बदल तपासताना माझा क्रम असा असेल. सुरुवात वेक-ऑन-लॅनचे पर्याय लावणाऱ्या सेट-वोल या फंक्शनपासून. चिपला जमत नसलेला पर्याय मागितला तर स्पष्ट चूक परत यायला हवी. गप्प बसून शून्य परत देणारा कोड परत पाठवावा. मग लागलेले पर्याय सांगणारं गेट-वोल. मशीन चालू असूनही चिप रनटाइममध्ये झोपलेली असताना रजिस्टर वाचलं तर सगळे बिट एक दिसतात, म्हणजे सगळेच पर्याय चालू असल्याचा भास होतो. आर८१६९ यासाठी शेवटची मागणी स्वतःजवळ जपून ठेवतो आणि विचारल्यावर तीच सांगतो. हे बरोबर आहे. थेट हार्डवेअर वाचून 'खरं' उत्तर देण्याचा उत्साह इथे नको.

यानंतरची जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नेटवर्क उपकरणाच्या नोंदीत वोल-एनेबल्ड नावाची एक खूण असते. वापरणाऱ्याने इथटूल या कमांडमधून वेक-ऑन-लॅन लावलं तर ही खूण कर्नलचा गाभा स्वतः लावतो. पण ड्रायव्हरने सुरू होतानाच स्वतःहून वेक-ऑन-लॅन चालू ठेवलं, तर ती खूण लावायची जबाबदारी ड्रायव्हरची. ती राहिली तर पीएचवाय (केबलवरचे संकेत हाताळणारा लॅनचा भाग) सांभाळणारा फायलिब हा कर्नलचा भाग सस्पेंडच्या वेळी 'कोणालाच गरज नाही' असं समजून पीएचवाय बंद करून टाकतो. चिप पॅकेटची वाट बघत बसते आणि वायरच मेलेली असते. इथटूल मात्र व्यवस्थित 'जी' (मॅजिक पॅकेट चालू) दाखवत राहतं. लक्षण ओळखायला सोपं आहे: मशीन झोपल्यावर स्विचवरचा त्या पोर्टचा दिवा विझला, तर पीएचवाय बंद झालंय, पॅकेट पाठवत बसण्यात अर्थ नाही. याच जागी डिव्हाइस-सेट-वेकअप-एनेबल हा कॉलही आहे का ते बघावं. तो नसेल तर चिप सज्ज असूनही पीसीआयचा गाभा पीएमई चालू करत नाही. आर८१६९ या दोन्ही गोष्टी एकाच फंक्शनमध्ये, शेजारी शेजारी करतो. कोणी त्या वेगळ्या करू लागलं तर कारण विचारावं.

सस्पेंड आणि शटडाऊन हे दोन वेगळे रस्ते आहेत. नव्या पॅचमध्ये पहिला तपासलेला असतो, दुसरा नसतो. शटडाऊनच्या रस्त्यावर आर८१६९ दोन कामं करतो. एक, मॅक पत्ता बदललेला असेल तर कारखान्यातून आलेला मूळ पत्ता परत लिहितो. म्हणून बंद मशीनला उठवताना पॅकेटमध्ये मूळ पत्ताच हवा, बदललेला चालणार नाही. दुसरं, मशीन खरोखर बंद होत असेल तरच चिपला डी३ या सर्वांत कमी विजेच्या अवस्थेत नेऊन उठण्याची तयारी करतो, रीबूटमध्ये नाही. ही अट काढून टाकणारा बदल आला तर रीबूटनंतर चिप न सापडण्याचा धोका तपासायलाच हवा.

वेगाचा मुद्दाही याच रस्त्यावरचा. झोपताना वीज वाचवावी म्हणून ड्रायव्हर लिंक दोन्ही टोकांना जमणाऱ्या सर्वांत कमी वेगावर आणतो, साधारणपणे १० मेगाबिटवर. उठल्यावर वेग परत वाढवायचा असतो. परतीच्या रस्त्यावरचा तो कॉल गळाला तर मशीन उठतं, नेट चालतं, पण फाइल सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइटने सरकते आणि लोक केबल बदलत बसतात. झोपून उठल्यावर इथटूलमध्ये वेग १००० दिसतो का, हे बघणं चाचणीचा भागच धरावं.

आता बसवण्याचं. बायोसमध्ये ईआरपी किंवा ईयूपी रेडी बंद करा. युरोपच्या नियमासाठी ही सेटिंग बंद मशीनचा वापर अर्ध्या वॅटच्या आत ठेवते आणि त्यासाठी लॅन चिपची स्टँडबाय वीजच तोडते. काही बोर्डांवर हेच 'डीप स्लीप' नावाने असतं. मग पीसीआय-ई उपकरणाने उठवण्याचा पर्याय चालू करा. लिनक्समध्ये एलएसपीसीआय या कमांडच्या तपशीलवार यादीत लॅन चिपच्या पीएमई ओळीत डी३कोल्डपुढे (मुख्य वीज गेलेली अवस्था) अधिकचं चिन्ह आहे का ते बघा. ते नसेल तर पूर्ण बंद अवस्थेतून ती चिप उठवणार नाही. वेगळं कार्ड विकत घेताना हेच विचारावं. नवी पेठेतल्या काउंटरवर कार्डाच्या खोक्यावर 'वेक-ऑन-लॅन' छापलेलं दिसेल, पण स्लॉटला ३.३ व्होल्टची सहायक वीज देणारा बोर्ड नसेल तर त्या छपाईचा उपयोग नाही. नवीनच बोर्ड घेत असाल तर बोर्डावरची लॅन चिप वापरणं जास्त खात्रीचं.

इथटूलला इंटरफेसचं नाव दिलं की 'सपोर्ट्स वेक-ऑन' आणि 'वेक-ऑन' अशा दोन ओळी येतात. पहिलीत चिपला जमणारी अक्षरं, दुसरीत सध्या लागलेलं अक्षर: 'डी' म्हणजे बंद, 'जी' म्हणजे मॅजिक पॅकेट. फक्त 'जी' लावा. इथटूलने लावलेलं रीबूटनंतर टिकेलच असं नाही, म्हणून ते कायमचं करायला नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या जोडणीचा वेक-ऑन-लॅन पर्याय मॅजिक ठेवा, सिस्टमडी वापरत असाल तर लिंक फाइलमध्ये तेच लिहा, नेटप्लॅन असेल तर तिथे वेकऑनलॅन ट्रू करा. तिन्हींपैकी एकच. लॅपटॉपवर वीज वाचवणारं टीएलपी बसवलं असेल तर ते आपणहून वेक-ऑन-लॅन बंद करतं. त्याच्या सेटिंग फाइलमधली ती ओळ 'एन' करावी लागते.

बाकीची अक्षरं मोहात पाडतात, त्यात 'पी' सोलापुरात सर्वांत त्रासदायक. 'पी' म्हणजे लिंक जोडली गेली की उठणं. मशीन इन्व्हर्टरवर आणि नेटवर्क स्विच साध्या बोर्डावर, अशी जोडणी इथे बऱ्याच ऑफिसांत असते. वळवाच्या वाऱ्यात वीज जाते, येते, स्विच परत चालू होतो, सगळ्या पोर्टांवर लिंक येते आणि 'पी' लावलेली सगळी मशीनं मध्यरात्री एकदम उठतात. 'बी' म्हणजे ब्रॉडकास्टवर उठणं; ते लावलं तर नेटवर्कवरची कुठलीही एआरपीची (आयपीवरून मॅक पत्ता शोधण्याची) विचारणा पुरते. मशीन झोपल्यावर काही क्षणांत उठून बसेल.

विजेचा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो कुठल्याच ड्रायव्हरला सुटण्यासारखा नाही. वीज पूर्ण गेली की चिपने लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. वीज आल्यावर मशीन बंदच असतं, ड्रायव्हर चाललेलाच नसतो, त्यामुळे चिपला कोणी सांगितलेलं नसतं. काही बोर्डांवर बायोस स्वतः ते काम करतं, बऱ्याच बोर्डांवर करत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मशीन आणि स्विच दोन्ही यूपीएसवर. पण बंद मशीन एक-दोन वॅटच ओढतं, आणि काही छोटे यूपीएस बॅटरीवर असताना इतका कमी लोड दिसला की 'काहीच जोडलेलं नाही' असं समजून बंद होतात. माहितीपुस्तिकेत हे बघून घ्या. दुसरा उपाय जास्त भरवशाचा: बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होईल असं ठेवायचं, आणि ऑफिसची वेळ नसेल तर दहा मिनिटांनी नीट शटडाऊन करणारा सिस्टमडी टायमर लावायचा. मशीन उठतं, ड्रायव्हर चिपला सज्ज करतो, मशीन परत झोपतं. ती दहा मिनिटं कमी करू नयेत; वीज दोन-तीनदा ये-जा करून मग स्थिरावते, आणि त्या आत फाइल सिस्टिमशी खेळ नको. टायमरमध्ये कोणी दुरून लॉगिन केलेलं आहे का ही तपासणीही घाला, नाहीतर काम करणाऱ्याच्या हातातून मशीन निसटेल.

आणि जाताना मेन स्विच पाडण्याची पद्धत. कापसाचा सूत-धागा शेजारी असलेल्या जागेत ती योग्यच आहे, ती मोडा असं सांगणार नाही. पण मग संगणक, स्विच आणि राउटर यांच्यासाठी वेगळा एमसीबी आणि वेगळी लाइन वायरमनकडून ओढून घ्यावी लागेल. ते होणार नसेल तर वेक-ऑन-लॅनच्या नादी लागू नये.

पॅकेट पोचतंय की नाही याची खात्री मशीन चालू असतानाच करून घ्या. त्याच मशीनवर येणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावा, पोर्ट ९ आणि इथरटाइप ०८४२ दोन्ही बघा, दुसरीकडून पाठवा. दिसलं तर नेटवर्क बरोबर. मॅनेज्ड स्विच असेल तर आणखी एक अडथळा आहे. मशीन झोपताना लिंकचा वेग बदलतो, म्हणजे लिंक एकदा तुटून जुळते. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारी स्विचची सोय) चालू असेल तर ते पोर्ट पुढची सुमारे ३० सेकंद काहीच सोडत नाही. झोपवून लगेच उठवण्याची चाचणी त्यामुळे फसते आणि दोष ड्रायव्हरवर येतो. त्या पोर्टला एज पोर्ट (ही वाट न बघणारं पोर्ट) करा, नाहीतर एक मिनिट थांबून पाठवा. चाचणी चार अवस्थांतून वेगवेगळी घ्यावी: सस्पेंड, हायबरनेट, शटडाऊन, आणि प्लग काढून परत लावल्यावर. पहिल्या तीन चालून चौथी न चालणं हे नेहमीचं चित्र आहे.

रिअलटेकचा स्वतःचा आर८१६८ ड्रायव्हर कर्नलबाहेर मिळतो. त्यात शटडाऊननंतर उठण्यासाठी एस५वोल असा वेगळा पॅरामीटर आहे, आणि बंद होताना बदललेला मॅक पत्ता तसाच ठेवण्याची सोयही. ज्याला नेमकं तेच हवं त्याला तो उपयोगी. पण प्रत्येक कर्नल अपडेटला तो नव्याने बांधला जावा लागतो आणि बांधणी फसली तर मशीनला नेटवर्कच नसतं. दुरून उठवायच्या मशीनसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं आणि विंडोज लॅन चिपला उठवण्यासाठी सज्ज करत नाही. यूएसबीला लावायच्या लॅन डोंगलकडून पूर्ण बंद मशीन उठण्याची अपेक्षा ठेवू नका; शटडाऊनमध्ये बहुतेक यूएसबी पोर्टांची वीजच जाते.

घरून उठवायचं तर राउटरवर पोर्ट ९ उघडून पॅकेट थेट मशीनच्या आयपीवर पाठवण्याचा मार्ग पहिल्या काही मिनिटांतच चालतो. राउटरच्या एआरपी यादीतून झोपलेल्या मशीनची नोंद गेली की पॅकेट कुठे द्यायचं हे त्याला कळत नाही. ब्रॉडकास्ट पत्त्यावर पोर्ट फॉरवर्ड करायला बहुतेक घरगुती राउटर तयार नसतात, आणि ते बरंच आहे, कारण साध्या मॅजिक पॅकेटला पासवर्ड नाही. सिक्युअरऑन या जादा सोयीत ४ किंवा ६ बाइटचा पासवर्ड असतो, तोही उघडाच जातो. ऑफिसात कायम चालू राहणारी एक छोटी वस्तू ठेवा, रास्पबेरी पाय किंवा ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्स चालणारा राउटर. तिच्यावर वायरगार्ड व्हीपीएन, आत आलं की तिथूनच इथरवेक या कमांडने पॅकेट. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये इथरवेकचं पॅकेज तयार मिळतं. त्याला मॅक पत्त्यासोबत लॅनच्या ब्रिजचं नाव द्यायचं, नाहीतर पॅकेट भलत्याच इंटरफेसवरून जातं.